चव्हाट्यावर कुणी आणलं?

अर्ज एकाच पानाचा होता. रुग्णाचं नाव, वय, रक्तगट, आधीची दुखणी, कुठल्या औषधाची ॲलर्जी. ते मी झरझर भरत गेले. तिच्याबद्दलचं एवढं तर मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पुढचा रकाना होता 'रुग्णाशी नाते'. तिथे हात थांबला.

रात्रीचा दीड वाजला होता. ती आत स्ट्रेचरवर पोट आवळून पडली होती. अपेंडिक्स फुटलं असावं असा डॉक्टरांना संशय होता. आम्ही 19 वर्षं एका घरात राहतो. मी लिहिलं, 'बहीण'.

खिडकीतल्या बाईंनी दोघींची ओळखपत्रं शेजारीशेजारी ठेवली, आडनावं पाहिली आणि विचारलं, "सख्खी?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. या एका बाबतीत मी आयुष्यभर बोलत आले आहे. पण तेव्हा जमलं नाही. म्हटलं, "मैत्रीण."

"मग घरच्यांना बोलवून घ्या. संमतीपत्रावर त्यांची सही लागेल."

त्या बाई तुसड्या नव्हत्या. त्यांनी मला पाणी विचारलं, बसायला खुर्ची दाखवली. कागदावर जे होतं तेवढंच त्यांनी केलं. तिचा थोरला भाऊ, आम्ही दोघी त्याला दादाच म्हणतो, चार तासांच्या अंतरावर राहतो. तो तसाच गाडी काढून निघाला, पहाटे साडेपाचला पोचला, सही केली. सहाला तिला आत नेलं. ऑपरेशन नीट पार पडलं. आता ती ठणठणीत आहे आणि हे मी लिहितेय तेव्हा पलीकडच्या खोलीत कपडे घड्या करत बसली आहे.

लिहायला बसले ते मात्र पाचव्या दिवशी दादा जे बोलला त्यामुळे. दादा माणूस म्हणून फार चांगला आहे. आमचं नातं त्याला कळून 11 वर्षं झाली. त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही. त्याची मुलगी मला मावशी म्हणते. त्या दिवशी वॉर्डबाहेरच्या बाकावर तो फोन चाळत बसला होता. कुठल्यातरी शहरातल्या प्राइड मोर्चाचा, म्हणजे समलिंगी माणसांच्या हक्कांसाठीच्या मोर्चाचा, फोटो समोर आला, तसा म्हणाला, "तुम्हा दोघींचं मला कधी खटकलं नाही, तुला माहीत आहे. पण हे मोर्चे, झेंडे, कोर्टकचेऱ्या नाही पटत. अगं, किती खासगी गोष्ट ही! ती चव्हाट्यावर कशाला आणायची? प्रत्येक गोष्टीचं राजकारण करायलाच हवं का?"

मी गप्प बसले. तो चार रात्री धड झोपला नव्हता, आणि मीही. पण त्याचा प्रश्न गेले आठ महिने माझ्या डोक्यातून गेलेला नाही. हा प्रश्न वाईट माणसं विचारत नाहीत. आपल्यावर माया करणारीच विचारतात, म्हणून तर त्याचं उत्तर नीट द्यावंसं वाटतं.

मी ग्रंथपाल आहे. 24 वर्षं झाली. माझं उत्तरही कपाटांतूनच येणार.

नोकरीला लागले तेव्हा आमच्या ग्रंथालयात या विषयावरची सगळी मिळून तीन पुस्तकं होती. तिन्हींच्या कण्यावर 616.85 ने सुरू होणारा क्रमांक. ज्यांना ड्यूई वर्गीकरण, म्हणजे पुस्तकांना विषयाप्रमाणे क्रमांक देण्याची पद्धत, माहीत नाही त्यांच्यासाठी : 616 म्हणजे रोग, आणि 616.85 म्हणजे मज्जासंस्थेचे आणि मनाचे विकार. डावीकडे फेफरं, उजवीकडे व्यसनं, मध्ये मी. तेविसाव्या वर्षी स्वतःला शोधायला गेलेल्या मुलीला स्वतःचा पत्ता असा सापडला. या पद्धतीच्या 1932 च्या आवृत्तीत समलैंगिकतेला पहिल्यांदा जागा मिळाली तीच 'मानसिक विकृतीं'मध्ये. पुढे कितीतरी आवृत्त्या निघाल्या, क्रमांक सरकत सरकत समाजशास्त्रात आला. आज तो 306.76 आहे, कुटुंब आणि लग्न या विषयांच्या शेजारी. आमच्याकडची तीन पुस्तकं मात्र जुन्याच जागी राहिली होती. कुणी हलवलीच नव्हती.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी ती हलवली. कुणाला विचारलं नाही, नवीन आवृत्तीप्रमाणे क्रमांक बदलणं हे माझं कामच होतं. पांढऱ्या चिठ्ठीवर 306.76 लिहून जुन्या चिठ्ठीवर चिकटवलं. डिंक ओला असताना खालचा 616 पुसट दिसत होता. वाळल्यावर दिसेनासा झाला, पण पुस्तक खिडकीपाशी तिरकं धरलं की अजूनही दिसतो.

तीनच महिन्यांत तक्रार आली. एका सभासदाने लिहून दिलं की असली पुस्तकं कुटुंबसंस्थेच्या पुस्तकांशेजारी ठेवून ग्रंथालय प्रचार करत आहे. समिती बसली. समितीत सगळे सज्जन लोक. कुणीही वाईट शब्द वापरला नाही. 'वाद नको' एवढंच म्हणाले, आणि ठराव झाला की ही तीन पुस्तकं कुलपाच्या कपाटात ठेवावीत, मागितल्यास द्यावीत. मागितल्यास! ज्या विषयाचं नाव उच्चारायला जीभ रेटत नाही, त्यावरचं पुस्तक काउंटरवर सगळ्यांसमोर मागायचं.

नऊ वर्षं ती कुलपात होती. नंतर एका नव्या अध्यक्षांच्या काळात मी अर्ज केला आणि ती बाहेर आली. तेव्हा एक सदस्य माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ग्रंथालयात राजकारण आणू नका हो."

मला तेव्हा जे सुचलं नाही ते आता लिहिते. पुस्तकं कुलपात टाकली त्या दिवशी कुणालाही ते राजकारण वाटलं नव्हतं. कुलूप काढलं त्या दिवशी वाटलं.

दादा, तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

बाकीचं निम्मं बरंच जुनं आहे. 'होमोसेक्शुअल' हा शब्द मुळात आला कुठून? डॉक्टरांनी काढला असेल असं मलाही वाटायचं. तो काढला कार्ल मारिया केर्टबेनी नावाच्या एका हंगेरियन लेखकाने. तरुणपणी तो पुस्तकांच्या दुकानात उमेदवारी करत होता. तिथल्या त्याच्या मित्राला पुरुषांवरच्या प्रेमावरून कुणीतरी पैशांसाठी छळायला लागलं आणि त्या मित्राने जीव दिला. हे केर्टबेनीच्या मनातून गेलं नाही. 6 मे 1868 ला लिहिलेल्या एका पत्रात त्याने हा शब्द वापरला, आणि 1869 साली पुरुषांमधल्या संबंधांना शिक्षा देणाऱ्या प्रशियाच्या कायद्याविरुद्ध निनावी पत्रकं काढली त्यांत तो पहिल्यांदा छापून आला. म्हणजे शब्द जन्मला तोच एका कायद्याशी भांडताना. कायदा आधी, तुरुंग आधी, पैसे उकळणारे आधी, मित्राचं प्रेत आधी. आमच्यासाठीचा बरा शब्द त्या सगळ्यानंतर. त्याच पत्रात त्याने 'हेटरोसेक्शुअल' हाही शब्द लिहिला होता. दादा, तुझ्याही ओळखीचा शब्द त्याच पत्रातला आहे. तुला तो कधी लागला नाही, कारण तुला तो कुणी विचारला नाही.

ते पत्र ज्याला लिहिलं होतं तो कार्ल हाइनरिख उलरिख्स. हा वकील. 29 ऑगस्ट 1867 ला म्युनिकमध्ये जर्मन कायदेपंडितांच्या परिषदेत तो उभा राहिला आणि पाचशेच्या वर लोकांसमोर म्हणाला की असल्या प्रेमासाठी माणसांना शिक्षा करणं थांबवा. आरडाओरडा झाला, त्याला बोलणं पुरं करू दिलं नाही. चारच वर्षांनी जर्मनीच्या फौजदारी कायद्यात पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 175 आलं.

या दोघांत एका गोष्टीवर मतभेद होता, आणि तो मला आजचाच वाटतो. उलरिख्सचं म्हणणं, ही वृत्ती जन्मजात आहे, तेव्हा शिक्षा करणं अन्याय आहे. केर्टबेनीला हा युक्तिवाद धोक्याचा वाटायचा. जन्मजात असो नसो, दोन सज्ञान माणसं राजीखुशीने जे करतात त्यात सरकारचा संबंध काय, असं तो म्हणायचा.

मी केर्टबेनीच्या बाजूची आहे. मला कितीदा विचारलं गेलंय, "तू लहानपणापासूनच अशी का?" मी मान डोलावते, कारण हो म्हटलं की समोरचा सैलावतो, बिचारीच्या हातात नव्हतं म्हणतो. खरं सांगायचं तर मला माहीत नाही. ती भेटली तेव्हा मी 26 वर्षांची होते. त्याआधी काय होतं त्याला नाव द्यायचा मी प्रयत्न केला नाही. तिच्यासोबत राहण्याचा माझा हक्क माझ्या गर्भातल्या कुठल्यातरी घडामोडीवर अवलंबून का असावा? धर्म कुणी जन्मतः घेऊन येत नाही, तरी तो बदलायचा आणि पाळायचा हक्क माणसाला असतो. पण कोर्टात, टीव्हीवर, घरात, सगळीकडे आधी हाच दाखला मागतात. मग चळवळीनेही तोच हातात धरला. मला ते कळतं. बुडणारा माणूस काठी कुठल्या झाडाची ते बघत नाही.

आणि केर्टबेनीची भीती खरी ठरली. जन्मजात आहे म्हणजे शरीरात काहीतरी आहे, आणि शरीरात आहे म्हणजे काढता येईल. 1944 साली बुखेनवाल्डच्या छळछावणीत कार्ल व्हेर्नेट नावाच्या डॅनिश डॉक्टरने समलिंगी कैद्यांच्या शरीरात हार्मोनच्या कृत्रिम ग्रंथी बसवल्या, त्यांना 'बरं' करायला.

जर्मनीचा विषय निघालाच आहे तर बर्लिनबद्दल थोडं अधिक लिहिते, कारण तिथे एक ग्रंथालय होतं. माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरने 1919 मध्ये लैंगिक विज्ञानाची संस्था काढली. दवाखाना, सल्ला, संशोधन, आणि हजारो पुस्तकं, फोटो, टिपणं. लोक स्वतःबद्दल विचारायला तिथे यायचे, आणि तिथे त्यांना 616 मध्ये शोधावं लागत नव्हतं. 6 मे 1933 ला विद्यार्थ्यांच्या टोळ्या बँड वाजवत आल्या आणि संस्था फोडली. 6 मे. केर्टबेनीच्या पत्राला बरोबर 65 वर्षं होत होती. चार दिवसांनी ऑपेराच्या चौकात इतर हजारो पुस्तकांबरोबर ही पुस्तकंही जाळली. हिर्शफेल्ड परदेशात होता. पॅरिसच्या एका चित्रपटगृहात बातमीपट बघताना त्याने आपलं ग्रंथालय जळताना पाहिलं. 1935 मध्ये, आपल्या सदुसष्टाव्या वाढदिवशी तो नीसमध्ये वारला. मी त्या बातमीपटाचा विचार करते तेव्हा मला ज्वाळा दिसत नाहीत. कण्यांवरच्या चिठ्ठ्या दिसतात. प्रत्येक चिठ्ठी कुणीतरी हाताने लिहिलेली असते.

त्याच 1935 मध्ये नाझींनी कलम 175 आणखी कडक केलं. हजारो पुरुष छावण्यांत गेले, छातीवर गुलाबी त्रिकोण लावून. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढचं कमी जणांना माहीत असतं : युद्ध संपलं, छावण्या उघडल्या, पण पश्चिम जर्मनीने हे कलम नाझींनी केलं तसंच 1969 पर्यंत चालू ठेवलं. 1949 ते 1969 या वीस वर्षांत सुमारे 50 हजार माणसांना त्याखाली शिक्षा झाल्या. पूर्ण रद्द झालं 1994 मध्ये. नाझी काळातल्या शिक्षा 2002 मध्ये रद्दबातल ठरवल्या, आणि युद्धानंतरच्या लोकशाहीतल्या शिक्षा त्याच्याही पंधरा वर्षांनी, 2017 मध्ये. तोवर त्यांतले कितीतरी जण गुन्हेगार म्हणूनच मेले. त्यांनी कुठला झेंडा फडकवला होता? बहुतेकांनी दार आतून लावून घेतलं होतं, तू म्हणतोस तसं, दादा. दार तोडून आत आले ते पोलीस.

आपल्याकडचं कलम 377 तर इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातलेलं. 'हे पाश्चात्त्यांचं खूळ' असं म्हणणाऱ्यांनी त्या कलमाला 2018 पर्यंत उराशी धरलं. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने सज्ञानांचे संमतीचे संबंध त्यातून काढले तेव्हा मी काउंटरवर होते. एका वाचकाला चुकून दोन पुस्तकांऐवजी तीन दिली, एवढंच मला त्या दिवसाचं आठवतं. आणि मराठीत लैंगिकतेवर उघडपणे लिहिणारे रघुनाथ धोंडो कर्वे? 1927 ते 1953 त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं, वाचकांच्या खासगी प्रश्नांना उत्तरं दिली. त्यावरून अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. खटला हरले. प्रश्न विचारणारी माणसं तर आपापल्या घरात, बंद पाकिटातूनच विचारत होती.

कायदा होऊनही एकालाही शिक्षा न होता तो किती खोल जातो याचं उदाहरण म्हणजे ब्रिटनचं कलम 28. 1988 साली आलं. स्थानिक प्रशासनांनी समलैंगिकतेला 'प्रोत्साहन' देऊ नये. प्रोत्साहन म्हणजे काय ते कुणालाच माहीत नव्हतं. या कलमाखाली एकही खटला यशस्वी झाला नाही, आणि तशी गरजही पडली नाही. शिक्षक गप्प झाले. ग्रंथपाल पुस्तकं मागवेनासे झाले, आलेली पुढे ठेवेनासे झाले. स्कॉटलंडमध्ये ते 2000 मध्ये गेलं, इंग्लंड आणि वेल्समध्ये 2003 मध्ये. म्हणजे माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात तिकडचे माझे समव्यवसायी तेच करत होते जे आमची समिती करत होती, आणि आमच्या समितीला तर कायद्याचंही भय नव्हतं. हंगेरीत 2021 च्या कायद्यानंतर मुलांसाठीची अशी पुस्तकं बंद वेष्टनात विकणं सक्तीचं झालं. रशियात 2013 च्या 'प्रचार'बंदीपासून सुरू झालेली गोष्ट नोव्हेंबर 2023 मध्ये इथवर आली की तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळी'ला अतिरेकी ठरवलं. अशी कुठली संघटनाच नाही. त्यामुळे कुणालाही तिचं सभासद ठरवता येतं.

दादाच्या बाजूने जो मुद्दा सगळ्यात हुशारीने मांडला जातो तो असा : बघा, अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आजारांच्या यादीतून समलैंगिकता काढली ती चक्क मतदानाने! हे राजकारण नाही तर काय?

मतदान झालं, खरंच झालं. पण आधी काय झालं होतं ते सांगत नाहीत. 1957 मध्ये एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 30 समलिंगी आणि 30 विषमलिंगी पुरुषांच्या चाचण्या नावं झाकून नामवंत तज्ज्ञांपुढे ठेवल्या. कुठली कुणाची ते तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. तोपर्यंतचा अभ्यास बहुतेक तुरुंगातल्या आणि इस्पितळातल्या माणसांवर झालेला होता. डिसेंबर 1973 मध्ये संघटनेच्या विश्वस्तांनी समलैंगिकता यादीतून काढली. ज्यांना हे रुचलं नाही त्यांनी सगळ्या सदस्यांचं मतदान मागितलं, आणि 1974 मध्ये 5,854 विरुद्ध 3,810 मतांनी निर्णय कायम राहिला. मतपेटी आणली ती काढायला विरोध करणाऱ्यांनी.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळची वाटते ती अमेरिकेतली समलिंगी हक्कांची कार्यकर्ती बार्बरा गिटिंग्ज. ही काही ग्रंथपाल नव्हती. कॉलेजात असताना स्वतःबद्दल वाचायला म्हणून ग्रंथालयांत इतकी बसून राहिली की परीक्षेत नापास झाली, आणि मिळालं काय, तर विकृतीच्या विभागातली पुस्तकं. 1970 मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेत समलिंगी सदस्यांचा एक गट तयार झाला, पुढे तिने तो बरीच वर्षं चालवला. 1972 मध्ये डॅलसला मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिवेशनात समलिंगी असलेला एक तज्ज्ञ व्यासपीठावर आणायचा म्हणून तिने किती जणांना विचारलं! शेवटी जॉन फ्रायर तयार झाला, तोही एका अटीवर. रबरी मुखवटा, केसांचा टोप, मापापेक्षा मोठा कोट आणि आवाज बदलणारा मायक्रोफोन. कार्यक्रमात त्याचं नाव 'डॉ. एच. अनामिक'. त्या मुखवट्याच्या आतून त्याने सांगितलं की मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि मी समलिंगी आहे.

मला वाटतं, दादा ज्याला राजकारण म्हणतो ते सुरुवातीला असंच दिसतं. घामाने भिजलेला एक माणूस, रबराच्या आत.

आता जे बोलणार आहे त्यावर माझ्या बाजूची माणसं नाराज होतील. राजकारण आमच्यावर लादलं गेलं हे खरं, पण त्याने आम्हाला काहीतरी करून ठेवलंय हेही खरं. काही वर्षांपूर्वी एका गटाने मला विचारलं, "तुम्ही चेहरा व्हाल का? नोकरदार, साध्या, मध्यमवयीन, लोकांना पटेल असा चेहरा." त्यांचं चुकत नव्हतं. पण मला वाटलं, खिडकीतल्या बाईंना माझं नातं नको होतं आणि यांना फक्त नातंच हवंय. मी नाही म्हटलं. तेव्हा एक तरुण मुलगी म्हणाली, "तुमच्यासारख्या गप्प बसतात म्हणून आम्हाला ओरडावं लागतं." ते लागलं मला. अजून लागतं, कारण त्यात तथ्य आहे. आणि तरीही 26 व्या वर्षी मला जी मोकळीक होती, नाव न देता नुसतं प्रेमात असण्याची, ती आजच्या पोरांना कमी मिळते असं मला दिसतं. पंधराव्या वर्षी त्यांना सांगावं लागतं की तू कोण. अमेरिकन संशोधक अल्फ्रेड किन्सीने 1948 मध्ये लैंगिक कल मोजायला 0 ते 6 अशी पट्टी काढली तेव्हा त्याला हेच दाखवायचं होतं की माणसं दोन डब्यांत मावत नाहीत. आता डबे वाढलेत, पण पत्ता विचारणं थांबलेलं नाही.

पुढाऱ्यांबद्दल तर काय बोलावं. एक पक्ष आम्हाला दाखवून मतं मागतो, दुसरा आमची भीती दाखवून. जून महिन्यात कंपन्यांच्या बोधचिन्हांना इंद्रधनुष्याचे रंग येतात आणि जुलैत जातात. या कुणालाही रात्री दीड वाजता अर्जावरच्या त्या रकान्यात काय लिहायचं ते सांगता येणार नाही. पण तो रकाना बदलेल तर कायद्यानेच बदलेल, आणि कायदा बदलायला कुणीतरी रस्त्यावर यावं लागतं, कोर्टात जावं लागतं, स्वतःचं नाव याचिकेवर लावावं लागतं. ज्यांनी लावलं त्यांच्यापुढे मी हात जोडते. त्यांच्यामुळे मी हे घरात बसून लिहू शकते.

कुलपातल्या त्या तीन पुस्तकांचं एक सांगायचं राहिलं. कपाटात जाण्याआधी ती उघड्या फळीवर होती तेवढ्या काळात ती घरी कुणीच नेली नव्हती. मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी तिन्हींत जवळजवळ कोरी. पण पानांच्या कडा हात लागून लागून मऊ झालेल्या, एकाचा कणा मधोमध दुमडलेला. लोक फळ्यांच्या मध्ये उभ्याउभ्या वाचत होते. आणि एक पुस्तक वारंवार गायब व्हायचं. दर वेळी ते मला बागकामाच्या पुस्तकांमागे सापडायचं, आडवं, सरकवून ठेवलेलं. पुढच्या वेळी आल्यावर पटकन मिळावं आणि तोवर दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून वाचक असं करतात. मला ते कोण ते कधी कळलं नाही. दोनतीनदा मी ते जागेवर नेऊन ठेवलं. नंतर ठेवणं सोडून दिलं. यादीत 306.76 आणि प्रत्यक्षात बागकामामागे, असं ते पुस्तक समितीचा ठराव होईपर्यंत राहिलं. ग्रंथपाल म्हणून मी केलेली ती एकमेव जाणूनबुजून चूक.

हे सगळं लिहून झाल्यावर मी दादाला फोन केला आणि वाचून दाखवलं. त्याच्याबद्दल लिहिलंय, त्याला आधी कळायला हवं होतं. मध्ये तो एकदाही बोलला नाही. दोनदा तर मला वाटलं फोन कट झाला. मी संपवल्यावर त्याने मोर्चांबद्दल काही विचारलं नाही, जर्मनीबद्दलही नाही.

म्हणाला, "मी येईपर्यंतचे चार तास तू कुठे होतीस?"

"जिन्यात. त्या मजल्यावर रात्री नातेवाइकांनाच थांबू देतात. जिन्याच्या दाराला काच आहे. तिसऱ्या पायरीवर बसलं की तिच्या खोलीचं दार दिसतं."

"पण मी सही करून लगेच तुला फोन केला होता. काळजी करू नकोस म्हणून."

"हो," मी म्हटलं, "तो मी जिन्यातच घेतला."